पहिला टप्पा कुणाचा?

मयूरी माझी चुलत जाऊ. तिच्यात खोट काढायला बसलं तर दिवस मावळेल आणि हाती काही लागणार नाही, हीच तर माझी पंचाईत. भाकरी टाकली की टम्म फुगते. बोलते ते साखर पेरल्यासारखं. थोरामोठ्यांच्या पाया पडते ती पार वाकून, माझ्यासारखी अर्ध्यातनं परत येत नाही. अशा बाईचा राग करायचा तर कारण शोधावं लागतं. मला ते त्या वर्षी आयतं मिळालं.

आम्ही डोणीवाडीचे आंबी, कृष्णाकाठचे नावाडी. पूल झाले, नावा गेल्या, पण दसऱ्यानंतरची होड्यांची शर्यत काही गेली नाही. उलट वाढली. आता डोक्यावर ड्रोन फिरतात, परदेशात गेलेली पोरं तिकडं बसून बघतात, होड्याही लाकडाच्या राहिल्या नाहीत. एक रीत मात्र तीच आहे. म्होरल्या वल्ह्यावर जो बसतो त्याच्या लयीवर बाकीचे वल्हं मारतात, आणि त्याची बायको शर्यतीच्या सकाळी ओटी भरते. आधी होडीची, मग कृष्णामाईची.

मी लग्न होऊन आले तेव्हापासनं म्होरलं वल्हं माझ्या नवऱ्याचं, धैर्यशीलचं, आणि ओटी माझी. वर्षभर मी पिठाची गिरणी चालवते. 'स्नेहल, गहू बारीक दळ' याच्या पलीकडं माझ्याशी कुणी बोलत नाही. पण त्या सकाळी मी सूप घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरायला लागले की अख्खा गाव बाजूला होतो. हे सुख ज्यानं चाखलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

श्रावणात गावात तापाची साथ आली. दोन दिवस अंग मोडून यायचं आणि उतरायचं. धैर्यालाही आला, गेला. आणि मग एक दिवस घाटावरच्या होड्यांच्या शेडकडनं घरी येताना तो चढावर मधेच खाली बसला. ज्या माणसानं पुराच्या पाण्यात होडी काढली त्याला घरचा चढ चढवेना. मिरजेला नेला. हृदयाच्या स्नायूला सूज आली होती.

डॉक्टर शिरीन मुजावर म्हणजे बारीक चणीची बाई, पण बोलायला लागली की खोलीतला पंखासुद्धा ऐकत असावा. ती म्हणाली, "समजा घरात चोर शिरला. चोर म्हणजे विषाणू. तो स्नायूच्या पेशीत शिरून आतनं नासधूस करतो. हा पहिला टप्पा. गाव जागा होतो, लोक काठ्या घेऊन धावतात. तेव्हा त्या लोकांचे हात बांधायचे नसतात, नाहीतर चोराचं फावतं. पुढं चोर मरतो किंवा पळतो, पण लोकांना ते कळत नाही. ते अंधारात काठ्या चालवत राहतात आणि घरातल्याच माणसांची डोकी फुटतात. हा दुसरा टप्पा. इथं हात बांधावे लागले, तर त्याला आमच्याकडं गोळ्या आहेत."

"आणि तिसरा?" मी विचारलं.

"मारामारी थांबते, पण भिंती पडलेल्या असतात. शरीर डागडुजी करतं, मात्र स्नायूच्या जागी नुसता चिवट व्रण भरतं. तो आवळत नाही, ढिला होत नाही. हृदय सैल पडत जातं. तिथं या गोळ्यांचा काही उपयोग नाही, फक्त हृदयावरचा भार हलका करायचा. बरेच जण तिसऱ्यापर्यंत जात नाहीत, अलीकडंच बरे होतात. आणि हे टप्पे काही कुंपण घालून वेगळे नसतात, एकात एक मिसळतात. म्हणून तर चुकायचं. आधी गळ्याच्या शिरेतनं नळी घालून हृदयाचा कण काढून बघत होतो, तोही त्या एका दिवसापुरता. एका टप्प्याची गोळी दुसऱ्या टप्प्यात पडली की औषधच घात करतं."

मग तिनं धैर्याच्या छातीवर टप्पापट्टी लावली. पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्या सुया डोळ्यांना दिसत नाहीत. त्या कातडीखालच्या पाण्यात विषाणूचे तुकडे शोधतात, लढणाऱ्या पेशी एकमेकींना काय निरोप धाडतात ते टिपतात, व्रणाचं सामान किती जमलं ते मोजतात, आणि ठोकेही ऐकतात. धैर्याच्या आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर रंग उमटतो. पहिला टप्पा लाल, दुसरा केशरी, तिसरा राखाडी. सगळं निवळलं की पांढरा. पट्टी पंधरवड्यानं बदलायची. नवी पट्टी पहिला तासभर ज्याच्या छातीवर असेल त्याच्या ठोक्याची चाल ओळखून ठेवते. नंतर दुसऱ्याला चिकटवली तर मुकी होते.

धैर्याचा रंग केशरी. गोळ्या सुरू झाल्या, आणि पांढरा येईपर्यंत वल्ह्याला हात लावायचा नाही असं ठरलं. शर्यत कमिटीचाही तोच नियम होता. पलीकडच्या गावचा एक पोरगा वल्हं हातात असतानाच गेला, तेव्हापासनं आजारातनं उठलेल्या गड्यानं पांढरी पट्टी दाखवल्याशिवाय त्याला होडीत घेत नाहीत.

म्होरलं वल्हं मग संग्रामकडं गेलं. संग्राम म्हणजे धैर्याचा चुलतभाऊ, मयूरीचा नवरा. आणि ओटी गेली मयूरीकडं.

धैर्या रोज घाटावर जाऊन बसायचा आणि घरी येऊन संग्रामच्या चुका सांगायचा. त्याचं वल्हं उशिरा पडतं, तो उजवीकडं ओढतो, त्याला दम नाही. मी भाकरी थापता थापता हुंकार द्यायचे. मला ते ऐकायला गोड लागायचं. नवरा-बायकोचं इतकं जुळलेलं मी आमच्या संसारात त्याआधी बघितलं नव्हतं.

शर्यतीच्या आठवड्यात मयूरी गिरणीत आली. दळणाचा डबा नव्हता, तेव्हाच मी ओळखलं.

"अक्का, ओटीला खण हिरवाच लागतो का?"

"हिरवाच."

"आणि सूप कसं धरायचं? मला भ्या वाटतंय. होडीला लागायच्या आधी ओटी पाण्यात पडली तर त्या साली होडी उतरत नाही म्हणतात."

"म्हणतात नव्हे, तसंच आहे. नदीनं नाकारली असं धरतात. माझ्या सासूच्या वेळी झालंय."

"तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहाल का? तुम्ही असला की धीर येईल."

बघा आता. माझा मान नेला तो नेला, वर मला आधाराला बोलावते. आणि तिच्या मनात काळंबेरं असतं तरी बरं झालं असतं, पण ते नव्हतं. मी गिरणीचा आवाज वाढवला आणि म्हणाले, "बघू."

जाता जाता ती म्हणाली, "यांना चार दिवसांमागं कणकण होती. काढा दिला, उतरली. सराव काही सोडला नाही हो त्यांनी." मला वाटलं, नवऱ्याची फुशारकी सांगतेय. मी पिठाचा हात झटकला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी धैर्याची पट्टी बदलायची होती. नवी पट्टी खिशात घालून तो होडीच्या शेडकडं गेला, म्हणाला तिथंच लावतो. दिवे लागायच्या वेळेला परत आला आणि चहा घेऊन बसला. तेवढ्यात माझा फोन वाजला. डॉक्टर मुजावरांचा.

"स्नेहलताई, धैर्यशीलची पट्टी लाल दाखवतेय. मला समजत नाहीये. केशरी उतरत चालला होता, आणि आता आत ताजा विषाणू दिसतोय. आजची गोळी देऊ नका. त्यांना लगेच घेऊन या."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"शर्ट काढ," मी म्हणाले.

"का?"

"काढ म्हणते ना."

जुन्या पट्टीचा फिकट चौकोन छातीवर होता. नवी पट्टी कुठंच नव्हती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कमिटीला संध्याकाळपर्यंत पांढरी पट्टी दाखवायची होती. धैर्या शेडवर तोंड पाडून बसलेला बघून संग्रामच म्हणाला होता, 'दादा, म्होरलं वल्हं तुझंच आहे. माझ्या छातीला काय धाड भरलीय? लाव माझ्यावर तासभर. पांढरी आली की दाखव, आणि आंघोळीत निघाली म्हणून नवी माग.' स्वतःची जागा स्वतःच्या हातानं परत द्यायला निघाला होता तो पोरगा. तासाभरानं रंग आला, तो लाल.

"म्हणजे हा पहिला टप्पा कुणाचा?" मी विचारलं.

धैर्यानं शर्ट परत चढवला.

"तू रंग बघितला होतास?"

"बघितला."

"त्याला काय सांगितलंस?"

"पट्टी काढली, रेंज नाही म्हणालो. रंग आला नाही. तूच बस म्होरं."

"धैर्या, तो मरेल."

"पट्ट्या चुकतात की. आणि सांगितलं तर आपली लबाडी उघडी पडणार, कमिटी मला जन्मात होडीत घेणार नाही." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "म्होरं बसायची हौस होती ना त्याला."

ते वाक्य माझं होतं. महिनाभर दळण दळताना मी ते मनात घोळवत होते, फक्त त्याच्या जागी तिचं नाव घालून. नवऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला शिसारी आली. पण खोटं कशाला बोलू, शिसारी येण्याआधी एक क्षण बरंही वाटलं होतं. उद्या मयूरीच्या हातात सूप नसेल, एवढंच आधी मनात आलं. ते का नसेल हे मागनं आलं.

मी डॉक्टरांना उलटा फोन केला आणि सगळं सांगितलं.

"तुमच्या नवऱ्याच्या गोळ्या चालूच ठेवा, एकही चुकवू नका," त्या म्हणाल्या. "त्यांचं नंतर बघते मी. आधी त्या मुलाला आणा. विषाणू स्नायूत असताना असा जोर केला तर ठोक्यांची लय तुटते, माणूस जागच्या जागी जातो. आधी दुखेलच असं नाही, दम लागेलच असं नाही. काही झालं तरी उद्या त्याला वल्ह्याला हात लावू देऊ नका."

सांगायला सोपं. आमच्यात शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळे गडी घाटावरच्या देवळात जाऊन राहतात. फोन बंद करून टोपलीत ठेवतात आणि सकाळपर्यंत घरच्या बाईचं तोंड बघत नाहीत. संग्राम केव्हाच आत गेला होता. मी धैर्याला म्हणाले, तू जा, तू गडी आहेस. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. तेव्हा मी मयूरीकडं गेले.

ती पाटावर ओटी मांडून बसली होती. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, बांगड्या, सगळं देखणं. मी एका दमात सांगितलं. पट्टी, शेड, लाल रंग, डॉक्टर. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा मी आजवर बघितला नव्हता असा होत गेला.

"झालं तुमचं?" ती म्हणाली.

"मयूरी, डॉक्टरांशी बोल. हा फोन घे."

"फोन तुमचा, पट्टी तुमच्या नवऱ्याची, डॉक्टरीण तुमची. मला आंधळी समजता? मी तुम्हाला शेजारी उभ्या राहा म्हणाले तेव्हा तुम्ही गिरणीचा आवाज वाढवलात. लग्नात माझ्या साडीला नावं ठेवलीत. माझ्या पोराच्या बारशाला डोकं दुखतंय म्हणून आला नाहीत. सगळं कळतं मला, अक्का. मी बोलत नाही, एवढंच. पण माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठाल असं वाटलं नव्हतं."

यातलं एकही खोटं नव्हतं. तेच तर. इतकी वर्षं मी जो जळफळाट केला तो कुणाला दिसत नाही असं मला वाटायचं, आणि ज्या दिवशी खरं बोलायला गेले त्या दिवशी माझ्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती.

देवळाच्या दारात तात्या बसले होते. भावकीतले वडीलधारे, आमच्या होडीचं सुकाणू तेच धरतात. मी पायरीशी पोचायच्या आधीच त्यांनी हात आडवा केला.

"तू येशील म्हणून मयूरीचा निरोप आलाय. घरी जा, सूनबाई."

"तात्या, संग्रामच्या हृदयाला..."

"धैर्याला येऊन सांगू दे. तो गडी आहे, त्याला आत सोडतो. त्याची पट्टी, त्यानं सांगावं. तुझं ऐकून होडी बांधून ठेवली तर गाव मला हसेल."

मी घरी येऊन नवऱ्याच्या हातापाया पडले. खरंच पडले, अगदी पार वाकून. तो एवढंच म्हणाला, "एका शर्यतीनं काय होतंय."

सकाळी डॉक्टरांनी मिरजेहून दवाखान्याची गाडी पाठवली. ती वेशीपाशी अडकली. शर्यतीला आलेल्या गाड्यांनी रस्ता भरला होता, भोंगा वाजवूनही कुणी हलेना. ड्रायव्हर फोनवर म्हणत होता, ताई, अर्धा तास तरी लागेल. होड्या सुटायला तेवढा वेळ नव्हता.

घाट माणसांनी भरलेला. आमच्या होडीत गडी बसले होते, म्होरं संग्राम, कपाळाला गुलाल. पायऱ्यांवरनं मी ओरडले, "संग्रामभाऊ, खाली उतरा, तुमची पट्टी लाल आलीय." बायका एकमेकींकडं बघून हसल्या. रात्रीतनं गावभर झालं होतं. संग्रामनं माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या मागं, धैर्याकडं. "दादा?" तो म्हणाला.

धैर्या नदीकडं बघत राहिला. मीही त्याच्याकडं बघितलं. बोल, एवढंच मनात म्हणाले. तो बोलला नाही. संग्रामनं वल्हं उचललं.

मयूरी वरनं उतरायला लागली. हिरवी साडी, हातात सूप, आणि सगळा गाव बाजूला होतोय. माझ्यापेक्षा ती चांगली दिसत होती. मला हे तेव्हाही दिसलं, त्या वेळी सुद्धा. ती शेवटच्या पायरीवर आली, होडीच्या टोकाला सूप लावायला वाकली, आणि मी पुढं झाले.

मी सूप खालनं उडवलं. नारळ आधी पाण्यात पडला, मग बांगड्या, मग खण. तांदूळ तिच्या केसांत उडाले.

मग मागनं कुणीतरी बाई म्हणाली, "जळकी." ते सगळीकडनं यायला लागलं. पाठीत काहीतरी लागलं, बहुतेक चप्पल. मी मयूरीसमोरनं हलले नाही. ती रडतही नव्हती, नुसती रिकाम्या हातांकडं बघत होती. तात्यांनी डोक्याचा पटका सोडला आणि सुकाणूवर ठेवला. म्हणजे होडी उतरणार नाही.

संग्राम होडीतनं उडी मारून पायऱ्या चढत माझ्याकडं आला. इतका रागावलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. "वहिनी, तुम्ही माझ्या बायकोला..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला सापडेना. त्यानं कठडा धरला. तोंड राखेसारखं झालं. तो पायरीवर बसला आणि मग आडवा झाला.

"पट्टी त्याच्या छातीवर होती." आवाज धैर्याचा होता. गर्दी वळली. तो लहान पोरासारखा रडत होता. "लाल रंग त्याचा आला. ती खरं सांगत होती. मी लपवलं."

मग मात्र वाट झाली. माणसांनी गाड्या हातांनी उचलून बाजूला केल्या. संग्रामला गाडीत घातला, आणि गाडीतच दोनदा त्याच्या ठोक्यांची लय सुटली, दोनदा यंत्रानं ती परत आणली. दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या की जिवाचा धोका आज तरी टळलाय. पुढं विषाणू निघून जाईल, मग रोज रंग बघत बसायचं, कुठल्या दिवशी केशरी होतो ते. त्या दिवसाआधी गोळ्या नाहीत. "पाण्यात हे झालं असतं तर मी काही करू शकले नसते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

धैर्या व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मीही नाही. कमिटीचा निरोप येऊन गेला होता, आणि तो काय असणार हे त्याला माहीत होतं.

मयूरी बाकावर बसली होती. केसांत अजून तांदळाचे दाणे होते. मी भिंतीला टेकून उभी होते. माफी मागावी तर कशाची हे मला कळत नव्हतं, आणि तिनं आभार मानले असते तर मला सोसलं नसतं. मग तिनं मान वर केली.

"अक्का, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"सूप उडवलंत तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का?"

नाही म्हणायला जीभ उचलली होती. नाही म्हटलं असतं तर गावात माझं देवीसारखं नाव झालं असतं, आणि तिनंही विश्वास ठेवला असता, कारण आता तिला ठेवायचा होता.

"वाटलं," मी म्हणाले. "लई बरं वाटलं."

मग तिनं पदरानं नाक पुसलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि बाकावर माझ्यापुरती सरकून बसली.